विद्यापीठात काय शिकलास, असं कुणी विचारलं तर

मंडळी, आज बातमी नाही. राजकारण तर अजिबात नाही, त्यामुळं भांडायला येणाऱ्यांनी आजच्या दिवस सुट्टी घ्यावी.

निकाल लागलेत, प्रवेश सुरू झालेत आणि दरवर्षीप्रमाणं माझा फोन म्हणजे करिअर मार्गदर्शन केंद्र झालाय. पत्रकाराला सगळं कळतं हा आपल्या तालुक्याचा जुना समज आहे. मी तो मोडायला जात नाही, धंद्याला बरा असतो. पण विचारला जाणारा प्रश्न गेल्या काही वर्षांत बदललाय, ते सांगायचंय. आधी पालक विचारायचे, "कुठं घालू पोराला?" आता विचारतात, "भाऊ, जायलाच लागतंय का? नुसतं नाव घालून परीक्षा दिली तर नाही का चालत?" पोरगं इथंच अभ्यासिकेत बसंल, भरतीची तयारी करंल, डिग्री बाजूनं होऊन जाईल. खोलीभाडं वाचलं, मेस वाचली, पोरगं नजरेसमोर राहिलं.

हिशेब चुकीचा नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून कितीतरी लोक त्यातनं पदवीधर झाले, माझ्या धंद्यातलेही बरेच. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांना जाता येत नव्हतं म्हणून त्यांनी तसं केलं. ज्यांना जाता येतंय, त्यांनी का जावं, एवढ्यापुरतंच आज बोलतो.

मी २००१ ते २००३ कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, राज्यशास्त्रात एम.ए. केलं. नंतर पत्रकारितेची पदविका. राज्यशास्त्रातलं आज किती आठवतं हे विचारू नका. प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा डोळ्यांसमोर ठेवून मी वीस वर्षं ग्रामपंचायतीच्या निवडणुका बघतोय, अजून एकही सापडला नाही. पण त्या दोन वर्षांत वर्गाच्या बाहेर जे शिकलो त्यावर आजही माझं घर चालतं.

तेव्हा सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठातच होता. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं २००४ साली. म्हणजे सांगोला, मंगळवेढा, बार्शी, करमाळा, सगळी पोरं एम.ए.ला कोल्हापूरकडं तोंड करून. सांगोल्याहून मिरजेपर्यंत छोटी रेल्वे होती, नॅरोगेज. ती इतकी निवांत जायची की माणूस मिरजेला उतरेपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांची सोयरीक त्याला माहीत व्हायची. मिरजेला गाडी बदलायची आणि मग कोल्हापूर. माझ्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईनं फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी.

पहिल्याच आठवड्यात माझं नाव गेलं. तिथं कुणाला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. तालुक्यानं हाक. "ए सांगोला, चहाला येतोस काय?" "जत कुठं गेलं रं?" "खटावला सांग, लायब्ररीत हाय म्हणून." आमच्या खोलीत सांगोला, जत, खटाव आणि गगनबावडा असा कारभार होता. खोली खरी दोघांची. कॉट दोन, भाडं दोघांचं, घरमालकीण काकूंच्या वहीत नावं दोन. दारात चपला मात्र चार जोड, परीक्षेच्या दिवसांत सहा. काकू रोज सकाळी सडा घालायच्या निमित्तानं चपला मोजायच्या. बोलायच्या काही नाहीत. महिन्याच्या एक तारखेला भाडं द्यायला गेलो की चहा पाजायच्या आणि हळूच म्हणायच्या, "पाण्याचं बिल जरा जास्त आलंय हो पाव्हणं." पुढच्या महिन्यापासून आम्ही चौघांच्या हिशेबानं पाण्याचे पैसे द्यायला लागलो. काकूंनी विषय कधी काढला नाही, आम्हीही नाही. अधिकाऱ्याला अडचणीचा प्रश्न कसा विचारायचा, हे मला पदविकेच्या वर्गात दोन तास शिकवलं. काकू तेच एका वाक्यात करायच्या.

भाषेचं एक सांगतो. कोल्हापूरचं पोरगं "काय करालाईस" म्हणतं, सोलापूरकडचं "काय बे" म्हणतं, आपलं "लका" तर जगात कुठंही लपत नाही. पहिल्या सेमिनारला मी उभा राहिलो, "लोकशाहीचं कसं हाय" म्हणालो आणि मागचा बाक हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "पुढं बोला, मुद्दा ऐकायचाय." मी पुढं बोललो. वर्षाच्या शेवटी तोच मागचा बाक आपसात "लका" म्हणायला लागला होता. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या तालुक्याच्या तेव्हाच्या आमदारांचं ते फोनवरचं "काय झाडी, काय डोंगर" ऐकून अख्खा महाराष्ट्र हसला, तेव्हा मला तो बाक आठवला. राजकारण ज्याचं त्याच्यापाशी. पण आपली बोली बाहेर गेल्यावर आधी हसणार, मग उचलणार, हे मला एकवीस वर्षं आधीच माहीत होतं.

आता मेस. ज्यानं मेसमध्ये जेवण केलेलं नाही त्याला 'खाडा' हा शब्द कळायचा नाही. गावी गेलो, जेवलो नाही, तेवढ्या दिवसाचे पैसे बिलातनं वजा, तो खाडा. आमच्या मेसवाल्या मावशींचा नियम असा, की खाडा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायचा आणि सलग तीन दिवसांचा असला तरच धरायचा. गगनबावड्याला हा अन्याय वाटायचा. एकदा त्यानं वाद घातला, "मावशी, मी एक दिवस जेवलो न्हाई म्हंजे तुमचं तेवढं वाचलं की." मावशींनी वही पुढं केली. "तुझा भात वाचला, भाजी वाचली. जागंचं भाडं वाचलं का? पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पगार वाचला का? गॅस तुझ्या वाटणीचा येगळा पेटतो व्हय?" तो गप्प. आम्ही सगळे गप्प.

सातवी शिकलेल्या बाईनं स्थिर खर्च आणि बदलता खर्च असा समजावला. आज कुठल्याही नगरपालिकेचं अंदाजपत्रक हातात आलं की मी आधी पगार, पेन्शन, वीजबिल किती ते बघतो. लोक विचारतात, एवढे कोटी आले तरी रस्ता का होत नाही? अहो, मावशींची वही वाचा. आधी जागेचं भाडं आणि पोळ्यावाल्या बाईचा पगार जातो, मग उरलं तर भाजी.

डब्याचं तर वेगळंच शास्त्र. घरून आलेला डबा खोलीत उघडला की तो सार्वजनिक. शेंगाचटणी दोन दिवस, चिवडा एक संध्याकाळ, लाडू तर पेटीचं कुलूप उघडायच्या आधीच वाटले गेलेले असायचे. खटावनं एकदा तुपातले लाडू पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली लपवले. कोल्हापूरचा जुलै. पंधरा दिवसांनी पेटी उघडली तर लाडवांना हिरवी दाढी. शर्टांना तुपाचा वास दिवाळीपर्यंत होता.

त्या पावसाचंही सांगायला पाहिजे. आपल्याकडं पाऊस आला की माणसं घरातनं बाहेर येऊन बघतात. तिथं आठ-आठ दिवस ऊन नाही. माझ्याकडं दोन पँटी होत्या, दोन्ही ओल्या. बनियन बल्बला गुंडाळून वाळवायची विद्या गगनबावड्यानं शिकवली. त्याचा तालुका म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागातला. त्याच्यासाठी पाऊस म्हणजे शाळा बंद, रस्ता बंद, वीज बंद. पाऊस चांगला असतो असं कुणी म्हणालं की तो माझ्याकडं बघून हसायचा.

पहिल्या वर्षाच्या मे महिन्यात तो माझ्या गावी आला. त्यानं टँकर कधी बघितला नव्हता. सकाळी सातला टँकर आला आणि घागरी, कळशा, प्लास्टिकचे कॅन घेऊन बायका पळाल्या, ते तो ओट्यावर उभा राहून बघत होता. माझ्या आईनं त्याला पाहुणा म्हणून अंघोळीला पूर्ण बादली दिली. त्यानं अर्धी वापरली आणि अर्धी परत आणून चुलीजवळ ठेवली. आई मला नंतर म्हणाली, पोरगं चांगल्या घरचं हाय. त्यानंतर खोलीत दुष्काळावरून आणि पुरावरून आमची थट्टा चालू राहिली, पण ती वेगळी थट्टा होती.

हे का सांगतोय? ऑगस्ट २०१९. पंचगंगेला महापूर, शिरोलीजवळ महामार्ग बंद, कोल्हापूर-सांगली पाण्यात. आपल्याकडनं मदत गोळा झाली, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिली होती. भाकरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. टेम्पो कुठं न्यायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. मी गगनबावड्याला फोन लावला. तो आता तिकडं माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. म्हणाला, "सांगोला, शहरात आणू नको. बाटल्यांचा ढीग पडलाय हितं. पाणी उतरायला लागलं की शिरोळ तालुक्यात ने, आणि माणसांचं नको आणू, जनावरांचं आण. वैरण कुजून गेली सगळी." मग आपण कडबा गोळा केला. ज्या तालुक्यात त्याच वर्षी उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या होत्या, तिथनं दोन टेम्पो कडबा पुराच्या गावात गेला. ज्यांनी पेंढ्या दिल्या त्यांनी 'आमचंच भागत नाही' असं म्हटलं नाही, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. पण टेम्पो बरोबर गावात पोचला तो खोलीतल्या चपलांमुळं. ही ओळख अभ्यासिकेत बसून झाली नसती. अभ्यासिकेत बाजूला बसतो तो आपल्याच गल्लीतला, आपल्यासारखाच, आणि त्याच एका जागेसाठी अर्ज भरलेला.

आता माझ्या धंद्याचं. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात मी पुस्तकांसाठी कमी आणि वर्तमानपत्रांसाठी जास्त गेलो. एक जण वाचतोय, त्याच्या खांद्यावरनं दुसरा वाचतोय, तिसरा विचारतोय, "झालं का?" नंबर लागेपर्यंत दुसरा पेपर वाचायचा, असं करत सगळेच वाचून व्हायचे. एकदा एका मोर्चाची बातमी तीन पेपरांत बघितली. एकात गर्दी पाच हजार, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात 'जनसागर'. मोर्चाला मी स्वतः होतो. सरांना विचारलं, खरं कुठलं? ते म्हणाले, "सभा असली तर खुर्च्या मोजायच्या. एका रांगेत किती, रांगा किती. मोर्चा असला तर एका जागी उभं राहायचं, एका मिनिटात किती माणसं पुढनं गेली ते मोजायचं आणि किती मिनिटं चालला त्यानं गुणायचं." वीस वर्षं मी हेच करतोय. म्हणून आपल्याकडच्या सगळ्याच पक्षांना माझा आकडा कमी वाटतो.

आणि शिपाई मामा. आमच्या विभागातले. कुठल्या फॉर्मला कुठली झेरॉक्स लागते, सही कुणाची आधी घ्यायची, साहेब चहा पिऊन आल्यावर भेटायचं की आधी, हे सगळं ज्ञान त्या एका माणसाकडं. शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दुसरी प्रत कुठाय?" म्हटलं, एकच आणलीय. "दोन करून आण. एक द्यायची, दुसरीवर शिक्का-तारीख घ्यायची. पोच नसली की अर्ज नसतो, पोरा."

पोच! दोन वर्षांत ऐकलेला सगळ्यात उपयोगी शब्द. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली आला. त्यात उत्तराची मुदत अर्ज मिळाल्यापासून तीस दिवस. मिळाल्याची तारीख कशी सिद्ध करणार? पोच. आपल्याकडं किती लोक येतात, भाऊ तीनदा अर्ज दिला, दाद नाही. पोच दाखवा म्हटलं की खिसे चाचपतात. जाता जाता विद्यार्थ्यांसाठी: स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच तसं सांगितलंय. मार्क कमी पडले म्हणून नुसतं रडत बसू नका. अर्ज करा. दोन प्रतींत.

कोल्हापूरबद्दल एक गोष्ट मला तिथं राहायला गेल्यावरच नीट कळली. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण शाळेत पाठ करतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. राजाला कळलं होतं की खेड्यातल्या पोराची अडचण नुसती फीची नाही. रात्री पाठ टेकायची कुठं आणि भाकरी कोण देणार, ही आहे. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढं रयत शिक्षण संस्था काढली, १९१९ साली, आणि कमवा आणि शिका गावोगावी नेलं. आपल्या तालुक्यातले किती शिक्षक, किती सरपंच त्या बोर्डिंगांच्या आमटीवर वाढलेत, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा.

आज सव्वाशे वर्षांनी अडचण तीच. व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची फी २०२४-२५ पासून माफ झाली, उत्तम झालं. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. पण एम.ए.ची फी मुळात फार नसतेच. पैसे जातात खोलीला आणि मेसला, आणि मुलगी असली की त्याच्या वर 'सुरक्षित आहे का' हा प्रश्न. तिथंच बाप थांबतो.

असाच एक बाप गेल्या आठवड्यात आला होता. गावाचं नाव सांगत नाही. दोन एकर डाळिंब होतं, तेल्या रोगानं गेलं, बाग काढून टाकली. मुलगी बी.ए.ला कॉलेजात पहिली. तिनं कुणाला न विचारता कोल्हापूरची प्रवेश परीक्षा दिली आणि एम.ए. अर्थशास्त्राला नंबर लागला. बापाचं म्हणणं तेच, "बाहेरनं होत नाही का भाऊ? मुलीची बाब आहे." मी त्यांना मावशींची वही सांगितली, मामांची पोच सांगितली, काकूंच्या चपला सांगितल्या. ते हसले. पण हसून पुन्हा म्हणाले, "ते समदं खरं, पण बाहेरनं होत नाही का?"

मग त्यांची मालकीण बोलली. तोवर ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. "थोरला बारामतीला कंपनीत दोन वर्सं खोली करून राहिला. तवा कुणी इचारलं न्हाई, बाहेरनं होतंय का म्हणून." खोलीत शांतता. मी चहा सांगितला.

चहा पिऊन बाप तयार झाले, अटींवर. घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं पाहिजे. महिन्यातनं एकदा मुलगी गावी आली पाहिजे. भाडं एकदम सहा महिन्यांचं मागू नये. वसतिगृहाचा अर्ज केलाय (दोन प्रतींत, पोच माझ्याकडं आहे), पण यादी लागेपर्यंत महिना-दोन महिने तरी काढायचेत.

म्हणून ही एवढी लांबण. कोल्हापुरात राजारामपुरी, सागरमाळ किंवा विद्यापीठाच्या आसपास तुमचं कुणी राहत असेल, आणि कॉट बेसिसवर किंवा दुसऱ्या एखाद्या मुलीसोबत जागा असेल, तर मला मेसेज करा. पोरगी शांत आहे, स्वयंपाक येतो, पहाटे उठून अभ्यास करते त्यामुळं लाइट लवकर लागेल, तेवढं घरमालकांना आधी सांगून ठेवा. घरगुती मेस चालवणारी कुणी मावशी माहीत असेल तर तेही कळवा. सोमवारी तिचे वडील प्रवेश पक्का करायला तिला घेऊन जातायत, त्याआधी दोन-तीन पत्ते हातात असले तर त्यांना एका फेरीत बघून येता येईल.